क्रोमियमची पंगत

"ते चालू आहे ना अजून?" काकूंनी विचारलं.

आम्ही आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेर उभे होतो. आत वैरागडे सर पडले होते. त्यांच्या तोंडात नळी होती आणि उशाशी चार-पाच मशीनं आपापल्या सुरात वाजत होती. मी म्हटलं, "सिस्टरांना विचारून येतो."

"ते नाही रे. तुमचं ते. डिपार्टमेंटमधलं. क्रोमियम."

"हो हो. ते चालू आहे."

"नक्की?"

"सकाळी बघूनच आलो."

काकूंनी मान वळवून बाकड्याकडे पाहिलं. तिथं सरांची थोरली बहीण बसली होती, वर्ध्याच्या ताई. ताईंनी सकाळीच महामृत्युंजयाच्या जपासाठी चार गुरुजी बोलावले होते आणि काकूंनी ते सकाळीच परत पाठवले होते. "त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालाय, त्यांना साडेसाती नाही लागलेली," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. गुरुजी लिफ्टनं आले होते, ते जिन्यानं गेले.

काकू म्हणजे सरांची बायको, कुमुद वैरागडे. ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. सुट्टीच्या दिवशी नागपूरच्या आसपासच्या शाळांत जाऊन बुवा लोकांच्या करामती करून दाखवायच्या. नारळातून केस काढायच्या, पाण्यानं दिवा पेटवायच्या आणि मग हे कसं केलं ते पोरांना समजावून सांगायच्या. त्यांच्या घरातलं कॅलेंडरसुद्धा बियाण्यांच्या दुकानातलं असायचं. का, तर त्यावर देव नसतात, टमाटे असतात.

अशा काकूंनी मला कोपऱ्यातल्या वॉटर फिल्टरपाशी ओढत नेलं.

"होऊ देऊ नकोस ते," त्या म्हणाल्या.

"काय होऊ देऊ नको?"

"तुमच्या भाषेत काय म्हणता ते. कन्व्हर्ज. ते होऊ देऊ नकोस."

मी तेव्हा पीएचडी करत होतो आणि ती बरीच वर्षं करत होतो. एवढ्या वर्षांत आईपासून गल्लीतल्या सलूनवाल्यापर्यंत प्रत्येकानं मला एकच विचारलं होतं, होणार कधी? होऊ देऊ नको, असं म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

"काकू, अहो पण..."

"मी काय बोलतेय ते मला कळतंय, हर्षल. मला समजावू नकोस. आणि ताईंच्या कानावर जाता कामा नये."

त्यांनी फिल्टरमधून ग्लासभर पाणी घेतलं आणि न पिता तसाच ग्लास ठेवून दिला.

त्या काय बोलत होत्या ते मलाही कळत होतं. तुम्हाला कळावं म्हणून आधी पंगत सांगावी लागेल.

सरांचं काम होतं रेणूंची गणितं कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायचं. लग्नाकार्यात कोणी "तुम्ही नक्की काय करता हो?" असं विचारलं की सर हातातलं ताट बाजूला ठेवायचे.

"ही पंगत पाहता ना? आता समजा प्रत्येक पाहुणा म्हणते, बाकीचे कुठे बसतात ते पाहून मी बसतो. झाली ना पंचाईत? मग आपण काय करायचं, अंदाजानं सगळ्यांना बसवून द्यायचं. एक म्हणते, मला मामासाहेबांजवळ नको. तो उठते. तो उठला म्हणून आणखी दोघं उठतात. नवी पंगत. तिच्यातही कोणाचं तरी बिनसते. असं करत करत एक वेळ अशी येते का कोणीच उठत नाही. ती खरी पंगत. इलेक्ट्रॉनचं हेच आहे. रुसके असतात लेकाचे."

कोणीच उठेनासं झालं की आमच्या भाषेत गणित कन्व्हर्ज झालं. सरांनी त्यासाठी तरुणपणी एक प्रोग्रॅम लिहिला होता, त्याचं नावच 'पंगत'. गणित सुटलं की तो शेवटी रोमन लिपीत, सगळ्या मोठ्या अक्षरांत छापायचा: पंगत बसली. वाढायला घ्या. बाकीच्या जगाचे प्रोग्रॅम 'नॉर्मल टर्मिनेशन' वगैरे छापतात. सरांना ते अंत्यविधीसारखं वाटायचं. वाढणं हा सरांचा जीव होता. आमच्यापैकी कोणाचंही लग्न असो, सर जेवायला म्हणून येत आणि कमरेला टॉवेल गुंडाळून मठ्ठा वाढत सुटत. मुलीकडचे त्यांना मुलाकडचे समजायचे, मुलाकडचे आचाऱ्याचे.

पाणी, मिथेन, बेंझीन, सगळ्यांच्या पंगती सरांनी बसवल्या. एक बसेना. क्रोमियमचे दोन अणू एकत्र ठेवले की प्रत्येकाचे सहा, असे बारा पाहुणे जमतात आणि त्या बारांचं एकमेकांशी काही म्हणता काही पटत नाही. या फेरीला सगळे उठून डावीकडे, पुढच्या फेरीला सगळे उठून उजवीकडे. जगभरात हा रेणू यासाठी बदनाम आहे. शहाणी माणसं त्याच्या वाटेला जात नाहीत. सर अकरा वर्षं गेले.

दर वाढदिवसाला, दर सेंड-ऑफला सर म्हणायचे, "क्रोमियम बसल्याशिवाय मी काही मरत नाही." मग थोडं थांबून, "म्हणजे मी अमर आहे." काकू आतून ओरडायच्या, "पोरांसमोर मरणाच्या गोष्टी काढू नका, पोहे निवून राहिले." माझ्या आधीच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी हा विनोद ऐकला होता आणि पोहे खाल्ले होते.

गुरुवारी सकाळी सर लॅबमध्ये आले तेव्हा त्यांच्या हातात तर्री-पोह्यांचा द्रोण होता. काकूंनी तेलकट म्हणून तर्री बंद केली होती. म्हणून सर घरी भिजवलेले बदाम खाऊन निघायचे आणि डिपार्टमेंटच्या फाटकाशी तर्री घ्यायचे. माझ्या खुर्चीमागे उभं राहून खाता खाता त्यांचं लक्ष स्क्रीनकडे गेलं.

स्क्रीनवर एकाखाली एक आकडे येत होते. दर फेरीला एक ओळ, एक उत्तर. इतकी वर्षं त्या ओळी दारुड्यासारख्या इकडून तिकडे झोकांड्या खात होत्या. त्या दिवशी डावीकडचे आकडे वरच्या ओळीतल्यासारखेच खाली येऊ लागले होते.

"ढोबळे, हे काय होऊन राहिलं?"

"बसतंय वाटतं, सर."

"काय केलं तू?"

"काही नाही. सगळ्यांनी एकदम उठू नये म्हणून तुम्ही नव्या पंगतीत थोडी जुनी मिसळता ना, ते प्रमाण मी प्रत्येक पाहुण्याला वेगळं दिलं. जो फार उठबस करतो त्याला जुनं जास्त. जो शहाण्यासारखा बसलाय त्याला कमी."

सर द्रोण तसाच धरून स्क्रीनवर वाकले. तर्रीचा एक थेंब कीबोर्डवर पडला.

"आडनाव ढोबळे आणि काम आठव्या दशांशाचं," ते म्हणाले. त्यांच्याकडची ही सगळ्यात मोठी शाबासकी होती. मग ते हसायला लागले. "पण माझी पंचाईत केली ना बे तू. आता मरावं लागते."

"आठ दशांश जुळायचेत अजून, सर. वेळ आहे."

"कुमुदला सांगू नको एवढ्यात. लगेच इन्शुरन्सवाल्याला बोलावते."

डिपार्टमेंटच्या हेडना बातमी द्यायला म्हणून ते खाली निघाले आणि जिन्यातच बसले. एक चप्पल काढून त्यांनी हातात धरली होती. शिपायाला वाटलं खडा गेला असेल. म्हणून तो थोडा वेळ शेजारी उभा राहिला.

हे झालं गुरुवारचं. सर नको म्हणाले होते, तरी हॉस्पिटलात मी ते काकूंना सांगून बसलो होतो. काकूंनी मला फिल्टरपाशी नेलं ती शुक्रवारची सकाळ. मी तिथून सरळ डिपार्टमेंटला आलो. स्क्रीनवर आठांतले सहा दशांश जुळून गेले होते. उरले होते दोन.

लॅबमध्ये पल्लवी गेडाम होती. ती माझ्याच बरोबरची, पण तिचा विषय पाणी. पाणी कुठल्याही पद्धतीत बसतं, त्यामुळे ती कायम प्रसन्न असायची.

"पल्लवी, एखादा जॉब कन्व्हर्ज होऊच नये असं वाटत असेल तर काय करतात?"

"वर तुझं नाव लिहितात."

मी तिला सगळं सांगितलं.

"काकू म्हणाल्या? आपल्या काकू? हेडच्या गाडीचं लिंबू काढून ज्यांनी सरबत केलं, त्या?"

"त्याच."

"मग थांबवून टाक ना बे."

"थांबवायचा नाही. चालू पाहिजे आणि संपायला नको."

पल्लवीनं खुर्ची ओढली. सरांचा प्रोग्रॅम दर फेरीनंतर एकच गोष्ट तपासायचा. मागचं उत्तर आणि आताचं उत्तर, यांच्यात किती फरक आहे? तो आठव्या दशांशाच्या आत आला की पंगत बसली. मी म्हटलं, आपण त्याला विसावा दशांश मागू. मशीनला पंधरा-सोळा आकड्यांपुढचं दिसतच नाही, ते कुठून आणणार विसावा?

"आणि चुकून दोन ओळी तंतोतंत सारख्या आल्या तर?" पल्लवी म्हणाली. "फरक शून्य. शून्य म्हणजे विसाव्याच्या आतच झालं. बसली पंगत."

"मग?"

तिनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला, अटीच्या आकड्यापुढे एक उणे चिन्ह ठोकलं आणि कीबोर्ड परत दिला.

"फरक शून्यापेक्षा कमी पाहिजे म्हणून सांग."

"शून्यापेक्षा कमी फरक कसा असेल?"

"नसतेच. दोन पाहुण्यांमध्ये उणे एक फूट अंतर ठेवा म्हटलं तर बसतीन का कधी?"

ही अट ब्रह्मदेवालाही पुरी करता आली नसती. पण अट बदलायची तर चालू जॉब, म्हणजे मशीनवर चाललेलं गणित, थांबवून, जिथे होता तिथून परत सुरू करावा लागतो. मध्ये काही सेकंद काहीच चालू नसतं. पल्लवीनं हॉस्पिटलच्या रिसेप्शनला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मला खूण केली. मी जॉब थांबवला.

"पेशंट वैरागडे कसे आहेत?" पल्लवीनं विचारलं.

"होल्ड करा," रिसेप्शनवाली म्हणाली. सनई लागली.

मी घाईघाईनं टाइप केलं आणि एंटर दाबलं. जॉब सुरू झाला. सनई थांबली.

"आहेत तसेच आहेत," रिसेप्शनवाली म्हणाली.

आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. आम्ही दोघंही विज्ञानाचे विद्यार्थी होतो.

त्यानंतर रोज सकाळी मी हॉस्पिटलला जायचो. काकू दुरूनच विचारायच्या, "चालू?" मी म्हणायचो, "चालू." तेवढंच. त्या परत आत जाऊन सरांच्या पायांशी स्टुलावर बसायच्या. रविवारी ताईंनी मला लिफ्टपाशी गाठलं.

"खरं सांग बाबा. कुमुद वरून काहीही म्हणो. कुठं तरी अनुष्ठान लावलंय ना तिनं?"

मला खोटं बोलवेना. "लावलंय," मी म्हटलं.

"किती जण बसलेत?"

"बारा."

"अखंड?"

"अखंड."

ताईंनी तिथल्या तिथे मला वाकून नमस्कार केला. मी पीएचडीला होतो, तरी असा मान मला आधी कधी मिळाला नव्हता.

मंगळवारी डॉक्टर काझींनी काकूंना त्यांच्या खोलीत बोलावलं. "तू पण ये," काकू मला म्हणाल्या. सरांना मूलबाळ नव्हतं. आम्ही होतो. डॉक्टर काझी बारावीला काकूंच्याच वर्गात होते, त्यामुळे त्या आत आल्यावर ते उठून उभे राहिले आणि त्या बसल्या तरी उभेच राहिले.

"बस, काझी."

"मॅडम, काल रात्री आणि आज सकाळी, दोनदा तपासलं. वेगवेगळ्या डॉक्टरांनी." त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला. "मेंदू संपलाय. श्वास आमचं मशीन देतंय. हृदय आहे, पण तेही औषधांवर... हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला, मॅडम."

"मी काय शिकवलंय ते मला ठाऊक आहे."

"सरांचं अवयवदानाचं कार्ड आहे."

"मीच घ्यायला लावलं होतं."

"दोन किडन्या, लिव्हर, डोळे. माणसं वाट बघतायत, मॅडम. एक भंडाऱ्याची मुलगी आहे, तुमच्याकडे शिकायला आली असती अशा वयाची. पण हे फार काळ टिकत नाही. बीपी आम्ही जेमतेम धरून ठेवलंय. तुम्ही उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, पण सांगा."

"अजून चालू आहे," काकू म्हणाल्या.

डॉक्टर काझींनी मान खाली घातली. "ते मशीन आहे, मॅडम."

"मी मशीनचंच बोलतेय," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

बुधवार उजाडला तो नोटिशीसकट. ट्रान्सफॉर्मरचं काम, दिवसभर वीज बंद. बॅटरीवर आमचं मशीन अर्धा-पाऊण तास काढायचं. मे महिना, नागपूर, बाहेर सेहेचाळीस. मी काही बोलायच्या आतच पल्लवी स्कूटरवर बसून गेली आणि अर्ध्या तासात जनरेटर घेऊन आली. मे महिन्यात भाड्याचा जनरेटर ज्याच्याकडे मिळतो त्याच्याकडूनच तिनं आणला होता. म्हणजे मंडपवाल्याकडून.

मंडपवाल्याचं नाव गजूभाऊ. जनरेटर हातगाडीवर होता आणि त्याला लायटिंगच्या माळांचा एवढा मोठा गुंता जोडलेला होता.

"या माळा काढा ना, भाऊ," मी म्हटलं.

"नाही निघत जी. काल रातीचं उमरेडचं लगन, थेट तिकडूनच येऊन रायलो. सोडवाले गेलो तर दुपार होते. जोडूनच ठेवा लागते." त्यानं इमारतीकडे पाहिलं. "लगन कोनाचं आहे?"

"क्रोमियमचं," पल्लवी म्हणाली.

"मुलाकडले का मुलीकडले?"

"दोन्हीकडले क्रोमियमच आहेत."

"आजकाल चालते," गजूभाऊ म्हणाला आणि त्यानं दोरी ओढली.

माळा पायात येऊ नयेत म्हणून त्यानं त्या पोर्चच्या खांबांना गुंडाळून दिल्या. मधोमध 'शुभविवाह' अशी लाल अक्षरं होती, ती आपोआप पेटायची, विझायची. भर उन्हात आमचं रसायनशास्त्राचं डिपार्टमेंट लुकलुकू लागलं. हेड गाडीतून उतरले, त्यांनी ते पाहिलं आणि गाडीत बसून परत गेले. नंतर कळलं, त्यांनी रजेचा अर्ज फोनवरूनच दिला होता.

बाराच्या सुमाराला पोर्चशी एक ऑटो थांबला. काकू उतरल्या. तोंडाला पांढरा स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, पायांत हॉस्पिटलातल्या निळ्या स्लिपर. 'शुभविवाह'खाली त्या क्षणभर उभ्या राहिल्या.

"वीज गेली आहे," मी म्हटलं. "म्हणून."

"अच्छा," काकू म्हणाल्या. "कुठाय ते?"

इतक्या वर्षांत त्या लॅबमध्ये कधी आल्या नव्हत्या. सरांच्या खुर्चीत बसल्या, स्कार्फ सोडला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "दाखव."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. एक नवी ओळ आली. काकूंनी बोट उचललं आणि काचेला न लावता आकड्यांवरून वरून खाली फिरवलं. बारावीचे पेपर तपासण्यात जन्म गेलेली बाई. कुठे कॉपी झालीय ते त्यांना लांबूनच दिसायचं.

"हे सगळं सारखंच आहे."

"हो."

"हे शेवटचे दोन-तीन आकडेच काय ते बदलतायत."

"हो."

"वर सरकव."

मी सरकवलं.

"अजून."

पानामागून पान वर जात होतं. सगळ्या ओळी सारख्या, फक्त शेपट्या हलत होत्या. मंगळवार गेला, सोमवार गेला, ताईंनी नमस्कार केला तो रविवार गेला. पल्लवी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. काकू दर खेपेला तेवढंच म्हणत होत्या. "अजून." शेवटी एके ठिकाणी ओळीच्या मधलाही आकडा वेगळा दिसला. त्यांनी हात वर केला. मी थांबलो.

"हे कधीचं?"

"शुक्रवारचं. संध्याकाळचं."

"म्हणजे शुक्रवारीच झालं होतं."

खोटं बोलायला मला पुष्कळ वेळ मिळाला. काकूंनी तो मुद्दाम दिला असावा. "हो," मी म्हटलं. "अट बदलली म्हणून ते थांबलं नाही एवढंच."

"आणि मग हे जे हलतंय, ते काय आहे?"

"ती मशीनची स्वतःची थरथर आहे, काकू. आकडे कुठे तरी कापावे लागतात, तर शेवटी थोडं इकडं-तिकडं होतं. त्यात क्रोमियमचं काही नाही."

जनरेटर खाली धडधडत होता. काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला.

"शुक्रवारी संध्याकाळी सिस्टरनं त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली होती," त्या म्हणाल्या. "बाहुल्या हलल्या नाहीत. मी तिथंच होते." मग माझ्याकडे बघून मास्तरणीच्या आवाजात, "हा योगायोग आहे, हर्षल. गावभर सांगत बसू नकोस."

"नाही काकू."

"बेडूक फाडला होतास का तू कधी?"

"नाही. आमच्या वेळी बंद झालं होतं."

"आम्ही करायचो. बेडूक कधीच मेलेला असतो. मांडीच्या मज्जातंतूला तार लावली की पाय उडतो. दर वर्षी कोणी तरी रडायचं. मॅडम, जिवंत आहे, सोडून द्या. मी म्हणायचे, नाही रे राजा, ही तारेची करामत आहे. एका वर्षी हा काझी रडला होता. मेडिकलला जाणार म्हणायचा आणि रडत होता. आणि काल बिचारा केवढा घाबरत सांगत होता मला."

त्यांनी पर्समधून फोन काढला. नंबर लावताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. पल्लवी पुढे झाली, तर त्यांनी मान हलवली आणि तिसऱ्यांदा स्वतःच लावला.

"काझी? हो. मीच. ऐक, तुझं बरोबर आहे. तयारी कर... नाही, मी ठीक आहे. मी डिपार्टमेंटला आहे. येते मी, तोपर्यंत थांब. मी आल्याशिवाय नेऊ नकोस त्यांना." फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "हे नीट संपव आता. असं अर्धवट नको."

"जुनी अट परत घालावी लागेल. म्हणजे आधी थांबवावं लागेल."

"मग थांबव."

मी थांबवलं. उणे चिन्ह काढलं, आठवा दशांश परत लिहिला आणि हात मागे घेतला.

"आता?"

"आता एंटर."

काकूंनी एंटर दाबलं. जरा जोरातच दाबलं, दाराची बेल दाबतात तसं.

"किती वेळ?"

"दोन फेऱ्या. वीसेक मिनिटं."

आम्ही तिघं बसून राहिलो. पल्लवीनं माठातलं पाणी आणलं. या खेपेला काकू ते प्यायल्या. गजूभाऊनं दारातून डोकं आत घातलं.

"डिझेल पाहा लागते, म्हणून इचारतो. किती वेळ आहे जी अजून?"

"दोन फेऱ्या," काकू म्हणाल्या.

"फेरे तर सात असते ना जी?"

"यांचे दोनच राहिलेत."

"बरं बरं," म्हणून तो गेला. काकूंच्या तोंडावर हसू आलं आणि तिथंच थांबलं. मग त्या बराच वेळ पदर तोंडाला लावून बसल्या आणि त्यांचे खांदे हलत राहिले. आम्ही स्क्रीनकडे बघत राहिलो. पहिली ओळ आली.

जरा वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"बरोबर तरी आलंय का रे ते?"

"प्रयोगातून मिळतं त्याच्या जवळ आलंय. पण थोडं चुकलंच आहे."

"अकरा वर्षं करून?"

"कन्व्हर्ज झालं म्हणजे बरोबर असतं असं नाही, काकू. आता ते बदलणार नाही, एवढंच."

"हं," काकू म्हणाल्या.

दुसरी ओळ आली. वरच्या ओळीशी ती जुळली. मग कर्सर एक घर खाली गेला आणि त्या दोन वाक्यांची अक्षरं उमटली. पाण्यासाठी, मिथेनसाठी ती मी शेकडो वेळा पाहिली होती. काकू पहिल्यांदा बघत होत्या. रोमन अक्षरांतलं मराठी त्यांनी पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावत वाचलं.

"पंगत... बसली. वाढायला... घ्या."

"सरांनी लिहिलंय ते," पल्लवी म्हणाली. "खूप आधी. दर वेळी येते."

काकूंनी ते परत एकदा मनाशी वाचलं. मग त्या उठल्या. स्कार्फ तोंडाला गुंडाळून मागे घट्ट गाठ मारली.

"चल," त्या मला म्हणाल्या. "माणसं ताटकळली असतील."